मद्यार्क, प्रतिक्रियाकाल आणि थांबण्याचे अंतर

तीस सेंटिमीटरची एक साधी पट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाशी धरून उभी लोंबती ठेवायला सांगा. पट्टीचे शून्याचे टोक तुमच्या अंगठ्याच्या व तर्जनीच्या मधोमध असावे. बोटांनी पट्टीला स्पर्श मात्र करायचा नाही. आता मित्राने काही न सांगता पट्टी सोडून द्यावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी. पट्टी कोणत्या खुणेवर पकडली गेली ते पाहा. बहुतेकांची खूण १५ ते २५ सेंटिमीटरांच्या दरम्यान येते.

मुक्तपणे पडणारी वस्तू किती वेळात किती अंतर कापते हे तुम्ही शिकला आहातच. अंतर म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले काळाचा वर्ग, भागिले दोन. यावरून २० सेंटिमीटर पडायला पट्टीला ०.२० सेकंद लागतात, १५ सेंटिमीटरला ०.१७ आणि २५ सेंटिमीटरला ०.२३ सेकंद. पट्टी सुटलेली डोळ्यांना दिसली, तो संदेश मेंदूकडे गेला, मेंदूने बोटांच्या स्नायूंना आज्ञा दिली आणि बोटे मिटली, एवढ्या साऱ्या कामाला लागलेला हा वेळ. यालाच प्रतिक्रियाकाल म्हणतात.

पट्टीच्या प्रयोगात तुम्ही बोटे ताणून, नजर रोखून तयारीत बसलेले असता. पट्टी पडणार हे ठाऊक असते, करायची कृतीही एकच असते. रस्त्यावर असे नसते. समोर काहीतरी काळे दिसले. ते काय आहे हे ओळखायचे, ते चालते आहे की उभे आहे हे ठरवायचे, ब्रेक दाबायचा की बाजूने काढायचे याचा निर्णय घ्यायचा, आणि मग पाय एका पट्टीवरून उचलून दुसरीवर न्यायचा. यासाठी सावध चालकालाही एक सेकंद सहज लागतो. भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था रस्त्यांच्या आखणीचे नियम ठरवते. वळणावर चालकाला पुढचे किती दिसले पाहिजे याचा हिशेब करताना ती हा काळ अडीच सेकंद धरते. रस्त्यावर सगळेच चालक चपळ नसतात, म्हणून ही सवलत ठेवलेली आहे. आपण मात्र चालकावर मेहेरनजर करून एकच सेकंद धरू.

आता आपल्या भागातील रस्ता डोळ्यांपुढे आणा. तळेगाव ढमढेऱ्याहून शिक्रापूरला जाताना, किंवा न्हावऱ्याच्या बाजूला, उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉल्या दिसू लागतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, असला तर तो लोंबत्या उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. समजा, एक जण ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे आणि अशी एक उभी ट्रॉली त्याला ४० मीटरांवर दिसली.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. म्हणजे विचार करण्याच्या त्या एका सेकंदात गाडी १६.७ मीटर पुढे गेली. अद्याप ब्रेक लागलेलाच नाही. कोरडा, चांगला डांबरी रस्ता आणि न झिजलेले टायर असतील तर घर्षणांक सुमारे ०.७ धरता येतो. तेव्हा ब्रेक लागल्यावर मंदन दर सेकंदाला सेकंदाला ७ मीटर. वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट केली की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मिळते. ते येते १९.८ मीटर. दोन्ही मिळून ३६.५ मीटर. ट्रॉली ४० मीटरांवर आहे. साडेतीन मीटर राखून गाडी थांबली. चालक दोन शिव्या हासडेल आणि पुढे जाईल.

आता चालक तोच, गाडी तीच, रस्ताही तोच. मात्र त्याने मद्य घेतले आहे आणि त्यामुळे त्याला एकाऐवजी दीड सेकंद लागला. विचाराचे अंतर २५ मीटर झाले. ब्रेकचे अंतर तेच, १९.८ मीटर, कारण टायर आणि डांबर प्यालेले नाहीत. बेरीज ४४.८ मीटर. तो ट्रॉलीवर आदळणार हे उघड आहे. पण किती वेगाने? बरेच विद्यार्थी म्हणतात, थांबायला पाचच मीटर कमी पडले ना, मग हळूच टेकेल. हिशेब करून पाहा. थांबायला अजून ४.८ मीटर हवे होते, तेव्हा वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले ७ गुणिले ४.८. वेग सेकंदाला ८.२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३० किलोमीटर. मोटारसायकलवरील माणसाच्या छातीने ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर ताशी ३० किलोमीटरने आदळणे म्हणजे काय, हे सांगायला पदार्थविज्ञानाची गरज नाही.

असे होण्याचे कारण मुळातून समजून घेण्याजोगे आहे. ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग सगळीकडे सारखा कमी होत नाही. सेकंदागणिक तो सारखा कमी होतो, पण मीटरागणिक नाही. सुरुवातीच्या मीटरांत गाडी वेगात असल्याने त्यांत वेळ थोडा जातो आणि वेगही थोडाच उतरतो. बराचसा वेग अगदी शेवटच्या काही मीटरांत उतरतो. आणि दारूने जे मीटर हिरावून घेतले जातात ते नेमके हे शेवटचे मीटर असतात. शुद्धीवरचा चालक जिथे पूर्ण थांबला, म्हणजे ३६.५ मीटरांवर, तिथे हा दुसरा चालक ताशी ३९ किलोमीटरने जात असतो! एवढा वेग मिळवायला माणसाला सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडावे लागेल.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, सर, हा अर्धा सेकंद तुम्ही कुठून आणला? प्रश्न योग्य आहे. तो मी गणितासाठी धरला आहे. माणूस, मद्याची मात्रा आणि प्रसंग यांनुसार तो कमी-अधिक होईल. पट्टी पकडण्यासारख्या सोप्या कामात थोड्या मद्याने पडणारा फरक लहान असतो. पण दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देऊन निवड करावयाची असली की तो वाढतो. आपण अर्ध्याऐवजी एकपंचमांश सेकंदच धरू. तरीही शुद्धीवरचा चालक थांबलेल्या जागी दुसऱ्याचा वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर निघतो. उशीर अडीचपटीने कमी केला, पण आदळण्याचा वेग तेवढा कमी झाला नाही, कारण तो उशिराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. लहानशा उशिराची किंमत लहान नसते, ती अशी.

शिवाय मद्य घेतलेला माणूस बहुधा ६० च्या वेगावर समाधान मानीत नाही. समजा, तो ताशी ८० वर आहे. विचारात ३३.३ मीटर गेले, ब्रेकला उरले ६.७ मीटर. एवढ्यात वेग ८० वरून फक्त ७२ वर येतो. ट्रॉलीवर तो ७२ च्या वेगाने आदळतो. ब्रेकचे काळे पट्टे रस्त्यावर उमटलेले दिसतात आणि लोक म्हणतात, बिचाऱ्याने ब्रेक तर लावला होता. रस्ता ओला असला तर घर्षणांक ०.४ च्या आसपास येतो आणि ताशी ६० ला नुसत्या ब्रेकचेच अंतर ३५ मीटरांवर जाते; तो हिशेब तुम्हीच पुरा करा.

वरील सूत्रांत गाडीचे वस्तुमान कुठेच आले नाही हे तुमच्या लक्षात आले असेल. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते आणि थांबवायचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून ते कटते. पण आदळल्यावर ते पुन्हा उभे राहते. स्वारासह २०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटारसायकल ताशी ६० ने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २८ हजार जूल असते. २५ टन वजनाचा भरलेला डंपर ताशी ४० ने चालला असेल तर ती १५ लाख जूलांच्या वर जाते. २३ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर वाघोलीत, आपल्याच पुणे-नगर रस्त्यावरील केसनंद फाट्यापाशी, असा एक डंपर पदपथावर चढला. कामाच्या शोधात अमरावतीकडून आलेली मजूर कुटुंबे तेथे झोपली होती. दोन बालकांसह तिघे ठार झाले, सहा जण जखमी झाले. चालक मद्याच्या अमलाखाली होता असे पोलिसांनी सांगितले.

डंपर पदपथावर चढतोच कसा, याचेही एक सोपे गणित आहे. गाडी सरळ चाललेली दिसते, पण चालक दर क्षणी स्टिअरिंगला लहान लहान झोके देऊन तिला सरळ ठेवीत असतो. सायकल चालविणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते आणि मोटार सुमारे १.७ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना ९० सेंटिमीटर मोकळे. गाडीचे तोंड फक्त तीन अंशांनी वळले आणि चालकाच्या ते ध्यानात आले नाही, तर ताशी ६० च्या वेगाने ती एका सेकंदात ८७ सेंटिमीटर बाजूला सरकते. एका सेकंदात मार्गिका संपली! डंपर अडीच मीटर रुंद असतो, तेव्हा त्याला अर्ध्या मीटरचीच मोकळीक आणि जेमतेम अर्धा सेकंद. तीन अंश म्हणजे किती, ते कोनमापकावर पाहा.

आता मद्य शरीरात काय करते ते पाहू. मद्यातील मद्यार्क, म्हणजे इथिल अल्कोहोल, याचा रेणू लहान असतो आणि तो पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो. त्याचे पचन व्हावे लागत नाही. थोडा भाग जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून तो सरळ रक्तात शिरतो, आणि जेथे जेथे पाणी आहे तेथे तेथे पसरतो. मेंदूला रक्ताचा पुरवठा भरपूर असल्याने तेथे तो लवकर पोहोचतो. मेंदूतील पेशींमध्ये काही रासायनिक संदेशवाहक क्रिया वाढवितात, तर काही आवरून धरतात. मद्यार्क आवरून धरणाऱ्यांना बळ देतो आणि वाढविणाऱ्यांना दडपतो. म्हणून मद्य हे उत्तेजक नसून मंदक आहे. मग प्यालेला माणूस अधिक बोलका, अधिक धीट का दिसतो? कारण सर्वांत आधी मंदावतो तो सारासार विचार करणारा भाग. स्वतःची चूक ओळखणारा पहारेकरीच प्रथम झोपी जातो. “मला काही झालेले नाही, मी व्यवस्थित चालवतो,” हे वाक्य प्यालेला माणूस खोटेपणाने म्हणत नाही. त्याला खरोखरच तसे वाटत असते, आणि म्हणूनच त्याची साक्ष निरुपयोगी असते. पुढे लहान मेंदूवर परिणाम होऊन तोल व हालचालींचा मेळ बिघडतो. समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्याने दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो.

या ठिकाणी एक गंमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिच्यात आर्किमिडीज दडलेला आहे. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत एक द्रव असतो आणि द्रवात मऊ जेलीसारखा एक पडदा. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो आणि मेंदूला कळते की आपण वळत आहोत. एरवी पडद्याची घनता द्रवाइतकीच असते. त्यामुळे तो बुडतही नाही आणि तरंगतही नाही. मद्यार्काची घनता पाण्यापेक्षा कमी, घन सेंटिमीटरला ०.७९ ग्रॅम. पडद्याजवळ रक्तवाहिन्या असल्याने मद्यार्क आधी त्याच्यात शिरतो. पडदा हलका होऊन द्रवात तरंगू पाहतो, वाकतो, आणि माणूस खाटेवर निश्चल पडला असतानाही मेंदूला वाटते की आपण फिरत आहोत. खाट फिरते म्हणतात ती अशी. काही तासांनी द्रवातही मद्यार्क पोहोचून तोल जमतो. पुढे पडद्यातला मद्यार्क आधी निघून जातो, पडदा द्रवापेक्षा जड होतो आणि खाट उलटी फिरू लागते! १९७४ साली कॅनडातील संशोधकांनी याची पडताळणी मोठ्या युक्तीने केली. जड पाण्याची घनता साध्या पाण्याहून जास्त. ते दिल्यावर परिणाम बरोबर उलट दिशेने झाला. मुद्दा असा की, दारू ‘उतरली’ असे वाटल्यावरही कानातली ही गडबड काही काळ चालू राहू शकते.

किती मद्याने किती परिणाम? येथे आकडेमोड करणे भाग आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ. पेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे स्वरूप आहे.

स्वीडनमधील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी या विषयाचा अभ्यास करून एक सोपे सूत्र दिले. पोटात गेलेला मद्यार्क ग्रॅममध्ये घ्या आणि त्याला शरीराच्या वजनाने व एका गुणकाने भागा. शरीरातील हाडे व चरबी यांत मद्यार्क फारसा शिरत नाही, म्हणून हा गुणक एकापेक्षा कमी असतो. पुरुषांसाठी सुमारे ०.६८ आणि स्त्रियांसाठी सुमारे ०.५५. ६० किलोग्रॅम वजनाचा पुरुष घेतला तर मद्यार्क पसरायला ४१ किलोग्रॅम उरतात.

आपल्याकडील व्हिस्की-रममध्ये घनफळाने ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ६० मि.लि. च्या एका मोठ्या पेगमध्ये तो २५.७ मि.लि., म्हणजे वजनाने सुमारे २० ग्रॅम. त्याला ४१ किलोग्रॅमने भागल्यावर किलोग्रॅमला अर्धा ग्रॅम येतो. रक्ताची घनता पाण्याच्या जवळपास धरली तर १०० मि.लि. रक्तात ५० मि.ग्रॅ. झाले. रिकाम्या पोटी घेतलेला एकच मोठा पेग कायद्याची मर्यादा ओलांडून जातो. बिअरला लोक ‘ती काय दारू आहे का’ म्हणतात. पाच टक्के मद्यार्काच्या ६५० मि.लि. बाटलीत २६ ग्रॅम मद्यार्क असतो, आणि आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या पेगांइतका. पाणी जास्त मिसळले म्हणून मद्यार्काचे ग्रॅम कमी होत नाहीत. १८० मि.लि. च्या बाटलीला ‘क्वार्टर’ म्हणतात. तिच्यात ६१ ग्रॅम. तिने रक्तातील पातळी १५० पर्यंत जाते. अर्थात ही सूत्रे सरासरीची आहेत. जेवून घेतल्यास मद्यार्क सावकाश शोषला जातो आणि शिखर खाली राहते. पण मर्यादेच्या आत राहण्याची हमी कोणतेही सूत्र देत नाही.

आता शरीर हे बाहेर कसे टाकते? थोडासा भाग श्वास, घाम व लघवी यांवाटे जातो. बाकी सर्व यकृताला करावे लागते. यकृतातील एक विकर मद्यार्काचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइडमध्ये करते, दुसरे त्याचे ॲसिटेट बनविते. विकराचे रेणू मोजकेच असतात आणि थोड्या मद्यानेही ते सगळे कामाला जुंपले जातात. त्यामुळे समोर ढीग कितीही असो, उरकण्याचा वेग ठरलेला राहतो. बँकेत एकच खिडकी उघडी असली की रांग वाढली म्हणून काम लवकर होत नाही, तसेच. हा वेग सामान्यतः तासाला १०० मि.लि. रक्तामागे १० ते २० मि.ग्रॅ. असतो, आपण १५ धरू. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी ही खिडकी वेगाने चालत नाही. कॉफीने झोप जाईल, मद्यार्क जाणार नाही.

ही गोष्ट सकाळच्या प्रवासाला फार लागू आहे. समजा, एका टेंपोचालकाने रात्री क्वार्टर घेतली आणि ९ वाजता पातळी १५० होती. १५० वरून ३० वर यायला १२० मि.ग्रॅ. उतरले पाहिजेत, १५ च्या वेगाने आठ तास. म्हणजे पहाटे ५ वाजता तो नुकता कायद्याच्या मर्यादेत येतो, आणि शून्यावर यायला ७ वाजतात. दुधाची गाडी मात्र ४ वाजता निघते. झोप झाली, तोंड धुतले, चहा घेतला, म्हणजे उतरली असे तो प्रामाणिकपणे समजतो. यकृत झोपेतही त्याच वेगाने काम करते, अधिक वेगाने नाही.

हेच गणित तपासालाही लागू पडते. १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव परदेशी मोटारीने मोटारसायकलला धडक दिली व दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता. त्याच्या रक्ताचा नमुना सकाळी अकराच्या सुमारास घेतला गेला. मधले तास आठपेक्षा जास्त. तासाला १५ प्रमाणे एवढ्या वेळात १२० पेक्षा जास्त मि.ग्रॅ. रक्तातून निघून जाऊ शकतात. पुढे नमुनाच बदलल्याचा आरोप ठेवून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण नमुना प्रामाणिकपणे घेतला तरी आठ तास उशीर झाल्यास काय उरते, हे आता तुम्ही सांगू शकता. उलट, १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर पदपथावरील सात मजूर एका मोटारीखाली सापडून मेले, त्या खटल्यात चालकाच्या रक्तातील मद्यार्काचा आकडा उपलब्ध होता. तो होता ०.११२ टक्के, म्हणजे १०० मि.लि. मध्ये ११२ मि.ग्रॅ., मर्यादेच्या जवळजवळ चौपट. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. तोंडाला वास येतो, झोकांड्या जातात, एवढ्यावरून माणूस किती प्याला होता हे निश्चित ठरत नाही, असे त्याच न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात म्हटले होते. म्हणून आकडा हवा.

पोलीस नळीत फुंकायला सांगतात तो आकडा श्वासातून कसा मिळतो? हेन्रीचा नियम आठवा. द्रवात विरघळलेला वायुरूप पदार्थ आणि द्रवावरील हवेतील त्याचे प्रमाण यांत ठरावीक नाते असते. फुप्फुसाच्या वायुकोशांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये अतिशय पातळ पापुद्रा असतो. तेथे २,१०० मि.लि. हवेत जेवढा मद्यार्क येतो तेवढा १ मि.लि. रक्तात असतो, असे मोजणीसाठी धरतात. रक्तात मर्यादेइतका, म्हणजे १ मि.लि. मध्ये ०.३ मि.ग्रॅ. असेल, तर एक लिटर श्वासात तो फक्त ०.१४ मि.ग्रॅ. असतो. एवढासा पदार्थ मोजायचा! अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पोलीस दलात असलेल्या रॉबर्ट बोरकेन्स्टाइन यांनी १९५४ मध्ये यासाठी उपकरण बनविले. त्यात श्वास आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमधून जात असे. मद्यार्काने त्याचा नारिंगी-पिवळा रंग फिका पडून हिरवटपणा येई आणि प्रकाशविद्युत घटाने तो फरक मोजला जाई. हल्लीच्या हातातल्या यंत्रांत बहुधा इंधनघट असतो. प्लॅटिनमच्या पृष्ठावर मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि विद्युत्प्रवाहावरून प्रमाण कळते. फुंकर लांब मारायला सांगतात, कारण सुरुवातीची हवा तोंडातली आणि घशातली असते. खोलवरची हवा शेवटी येते. नुकतेच मद्य घेतले असेल तर तोंडातच मद्यार्क रेंगाळतो आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून पंधरा मिनिटे थांबणे योग्य. बडीशेप, पान, लवंग किंवा कच्चा कांदा खाऊन यंत्र फसत नाही. वास झाकला जातो, वायुकोशातील हवा नाही.

तुमच्यापैकी अनेकांना शाळेच्या वयातच घरची मोटारसायकल हाती मिळते, तेव्हा कायद्याची आणखी एक तरतूद सांगून ठेवतो. २०१९ पासून अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही.

शिक्षकांसाठी आता पट्टीच्या प्रयोगाकडे परत येतो. मद्याचा प्रयोग वर्गात करता येणार नाही हे उघड आहे, पण लक्ष विभागले गेल्यावर काय होते ते दाखविता येते. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम नेहमीप्रमाणे दहा वेळा पट्टी पकडावी. नंतर १०० पासून सात-सात वजा करीत मोठ्याने मोजत असताना दहा वेळा. तिसऱ्या वेळी दोन पट्ट्या दोन हातांसाठी धराव्यात, आणि सोडणाऱ्याने कोणतीही एकच सोडावी. दुसरा हात मिटल्यास तो प्रयत्न बाद. या तिन्ही मालिकांची सरासरी काढून सेकंदांत रूपांतर करा, आणि ताशी ६० च्या वेगाने तेवढ्या काळात गाडी किती मीटर जाते ते फळ्यावर लिहा. मोठ्या वर्गात चाळीस विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले तर वितरणाचा आलेखही काढता येईल. तिसऱ्या मालिकेसाठी तीस सेंटिमीटरची पट्टी काहींना अपुरी पडते. तेव्हा अर्धा मीटर लांबीची लाकडी पट्टी घ्यावी. पोलादी नको, ती न पकडणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडते.